तीन इंधने, एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह आणि रोजचे बारा किलोमीटर

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही डोंगरउतारावर थोडी जमीन घेतली. घरापासून ती ५५ किलोमीटरवर आहे. शेवटचा ९ किलोमीटरचा रस्ता कच्चा आणि चढाचा असून पावसाळ्यात तो एका ओढ्यातून जातो. महिन्यातून दोनदा तिथे जाणे होते आणि वर्षातून एखादा लांबचा प्रवास. एरवी मुलांची शाळा आणि माझे कार्यालय एवढेच फिरणे असते, दिवसाला साधारण १२ किलोमीटर. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायचे ठरवून तीन गाड्या पाहिल्या आहेत. पहिली २.७ लिटर पेट्रोल, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली, नऊ वर्षांची, ९६ हजार किलोमीटर झालेली. दुसरी २.८ लिटर टर्बो डिझेल, सहा वर्षांची, १ लाख ३० हजार किलोमीटरची. तिसरी पेट्रोलचीच, पण तीन वर्षांपूर्वी तिला एलपीजी किट बसवले आहे आणि ती सर्वांत स्वस्त आहे. मेहुणे म्हणतात, डोंगरात जायचे तर डिझेलशिवाय दुसरे घेऊच नये. ओळखीचा फिटर म्हणतो, पेट्रोलची फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे पांढरा हत्ती, पोसायचा तर गॅसवरच पोसावा. आम्ही काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. आपण पहिली गाडी, म्हणजे टर्बो नसलेली पेट्रोलची गाडी घ्यावी. अर्थात थंड इंजिनावर तपासून ती निरोगी निघाली तरच. डिझेल गाडी वाईट नाही, पण आपल्या रोजच्या वापराशी तिचे जमणार नाही. गॅसची गाडी स्वस्त आहे यामागे काही कारणे असतील आणि त्यांतली निदान दोन आपल्या पत्रातच मला दिसली.

आपण डोंगरातल्या ९ किलोमीटरांविषयी तपशिलाने लिहिले आहे आणि रोजच्या १२ किलोमीटरांविषयी एकच वाक्य. माणसाला त्याचा अवघड रस्ता आठवणीत राहतो, इंजिनाला मात्र त्याचा रोजचा रस्ता भोगावा लागतो. घर ते शाळा, शाळा ते कार्यालय आणि तसेच परत, असे धरले तर आपले १२ किलोमीटर म्हणजे तीन-तीन किलोमीटरांच्या चार फेऱ्या होतात. वर्षाला ३०० दिवस धरले, तर इंजिन सुमारे १,२०० वेळा गार किंवा अर्धवट गार अवस्थेत सुरू होईल आणि पुरते तापण्याआधी बंद होईल. किलोमीटरांत मोजल्यास हे वर्षाचे ३,६०० होतात. जमिनीच्या फेऱ्यांचे २,६०० आणि लांबच्या प्रवासाचे दीड हजार धरून एकूण आकडा ८ हजारांच्या आत राहतो. हे दोन आकडे, १,२०० वेळा सुरू होणे आणि ८ हजार किलोमीटर, समोर ठेवूनच मी पुढचे सगळे लिहितो आहे.

आधी डिझेलच्या बाजूने बोलू, कारण मेहुण्यांचे म्हणणे हवेतले नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले तेव्हापासून त्याचे मर्म तेच राहिले आहे: ठिणगी न वापरता, केवळ हवा दाबून तिच्या उष्णतेवर इंधन पेटवायचे. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण १० ते १२ पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा १६ ते १८ पट. शिवाय पेट्रोल इंजिनात हळू चालताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, अर्धवट मिटलेली असते आणि हवा ओढून घेण्यातच इंजिनाची काही ताकद वाया जाते. डिझेल इंजिनाला हा त्रास जवळजवळ नसतो. त्यात एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. या सगळ्याची बेरीज म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळणारी भरपूर ओढ (टॉर्क) आणि जास्त अॅव्हरेज. जंगलात कॅनमधून इंधन न्यायचे झाले तरी डिझेल अधिक सुरक्षित आहे, कारण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, तर डिझेल पन्नासहून अधिक अंशांना तापल्याशिवाय तशी वाफ देत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपण हा प्रश्न विचारला असता, तर मीही डोळे मिटून डिझेलच म्हटले असते.

मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा त्याच काळातले डिझेल आहे. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. १९९७ साली कॉमन रेल पद्धतीचे, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारे, इंजिन असलेली पहिली प्रवासी गाडी बाजारात आली आणि डिझेल फवारण्याचा दाब वाढत वाढत आज हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींच्याही पुढे गेला. त्यामुळे आवाज, धूर आणि खप कमी झाले. पण डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि पंप इतके काटेकोर झाले, की डिझेलमधले थोडे पाणी किंवा बारीक कचरासुद्धा त्यांना पुरतो. दुसरा बदल काजळीच्या गाळणीचा. युरो ५ या प्रदूषण मानकाने २००९ पासून डिझेल गाड्यांच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली आणि तेव्हापासून डीपीएफ नावाची गाळणी जवळजवळ प्रत्येक नव्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये आली. आपण पाहिलेल्या सहा वर्षांच्या गाडीत ती असणारच, असे धरून चाला.

ही गाळणी काजळी अडवते, आणि अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते. त्यासाठी एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते. महामार्गावर सलग धावणाऱ्या गाडीत ते काम चालकाला न कळता होऊन जाते. गावात फिरणाऱ्या गाडीत इंजिनाचा संगणक थोडे जादा डिझेल उशिरा फवारून एक्झॉस्ट मुद्दाम तापवतो आणि या कामाला पंधरा-वीस मिनिटे सलग चालणे लागते. आपली फेरी तीन किलोमीटरांची. गाळणी तापू लागते न लागते तोच आपण शाळेच्या दारात गाडी बंद करता. जळणे अर्धवट राहते. पुढच्या फेरीत पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा तेच. उशिरा फवारलेले जे डिझेल जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी अशीच एक डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह होती आणि माझेही फिरणे आपल्यासारखेच आखूड होते. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघावे, तर ऑइल जराही कमी झालेले नसे. काय पण इंजिन आहे, असे मी चारचौघांत सांगत असे. एके दिवशी लक्षात आले, की ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आहे. ऑइल वाढते कसे, असा प्रश्न मला पडायला हवा होता, पडला नाही. गॅरेजमधल्या जाणत्या माणसाने डिपस्टिकचा वास घेतला आणि हसला. वाढलेले ऑइल नव्हतेच, ते डिझेल होते, आणि पातळ झालेल्या त्या मिश्रणावर टर्बोच्या बेअरिंगने किती महिने काढले असतील हे त्यालाच ठाऊक. त्या दुरुस्तीचा आकडा इथे लिहीत नाही. घरी अजून तो विषय निघतो.

आपण म्हणाल, महिन्यातून दोनदा ५५ किलोमीटर जातो, तेवढ्यात गाळणी साफ होणार नाही का? त्यातला चांगल्या रस्त्याचा भाग ४६ किलोमीटरांचा आहे आणि तिथे सलग वेग मिळाला तर हो, बरीचशी काजळी जळेल. ही फेरी आपण कधीच चुकवणार नसाल तर डिझेल निभावूनही जाईल. पण एखाद्या महिन्यात मुलांच्या परीक्षा असतात, एखाद्या महिन्यात पावसाने रस्ता बंद असतो, आणि गाडी पाच-सहा आठवडे गावातच फिरते. शिवाय काजळी जळते तशी राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या क्षारांची राख गाळणीत कायमची साठत जाते आणि दीड-दोन लाख किलोमीटरांच्या आसपास गाळणी राखेने भरत आली, तर त्यात नवल नसते. आपली डिझेल गाडी १ लाख ३० हजारांवर उभी आहे. म्हणजे ती गाळणी काढून साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च मागच्या मालकाने टाळला आणि तो आपल्या वाट्याला यावा, असा मुहूर्त जवळ आला आहे.

आता इंधनाचा हिशेब करू. पेट्रोलची गाडी लिटरला ९ किलोमीटर देते आणि डिझेलची १२, असे धरू. या वजनाच्या गाड्यांना हे आकडे शोभण्यासारखे आहेत. वर्षाला ८ हजार किलोमीटरांसाठी पेट्रोल ८८९ लिटर लागेल आणि डिझेल ६६७ लिटर. फरक २२२ लिटरांचा, म्हणजे ७० लिटरची टाकी तीनदा भरण्याएवढा. आपल्याकडचे दर घालून हे गणित स्वतः करा. डिझेल स्वस्त असेल तर फरक वाढेल, महाग असेल तर घटेल. मग कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये चार इंजेक्टर, एक टर्बो आणि एक काजळी गाळणी यांचे दर विचारा आणि ती रक्कम वार्षिक बचतीने भागा. जे उत्तर येईल, तितकी वर्षे एकही मोठी दुरुस्ती निघाली नाही तरच डिझेलची बचत ही बचत ठरेल. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा हिशेब अगदी निराळा येतो. त्याने मेहुण्यांचेच ऐकावे.

मुख्य शंका चढाची आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. अशा २.८ लिटर टर्बो डिझेल इंजिनाची ओढ साधारण ४५० न्यूटन-मीटर असते आणि ती इंजिनाच्या मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासूनच मिळू लागते. २.७ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन २४५ न्यूटन-मीटरच्या आसपास देते आणि तेही ४ हजार फेऱ्यांजवळ. कागदावर ही बरोबरीची लढत दिसत नाही. पण खऱ्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये लो रेंज, म्हणजे अवघड जागी लावायचे जादा हळू गिअर, असते आणि बऱ्याच गाड्यांत ती चाकांवर पोहोचणारी ओढ सुमारे अडीच पट करते. २४५ ची अडीच पट ६०० च्या वर जाते. म्हणजे लो रेंजमधले पेट्रोल इंजिन साध्या गिअरमधल्या डिझेल इंजिनापेक्षा जास्त जोर चाकांवर टाकते. डिझेलही लो रेंजमध्ये जाईलच, त्याचा जोर आणखी वाढेल. पण कच्च्या चढावर तेवढा जोर टाकला तर चाकाखालची माती आधी सुटते. तिथे गाडी थांबते ती ताकद संपल्यामुळे नव्हे, पकड संपल्यामुळे. म्हणून टायर आणि लो रेंज चालू स्थितीत असणे यांना मी इंधनापेक्षा जास्त गुण देईन. पाहायला जाल तेव्हा लो रेंज लावून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे अडकून बसलेली लो रेंज मी अनेकदा पाहिली आहे.

पेट्रोलची उणीव जाणवेल ती उंचीवर आणि सामान ओढताना. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहावा हिस्सा ताकद गमावते, कारण हवाच विरळ होते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. आपली जमीन दोन-अडीच हजार मीटरांवर असेल, किंवा आपण मागे जड ट्रेलर जोडणार असाल, तर मला पुन्हा लिहा. माझे मत बदलू शकते. पत्रात दोन्हींचा उल्लेख नाही, म्हणून नाही असे धरले आहे.

ओढ्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पाण्यातून बिनधास्त जाते, असे म्हणतात. जुन्या पेट्रोल गाड्यांत प्लगांना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर भिजून इंजिन बंद पडत असे, हे खरे. आजच्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर बसलेली बंदिस्त कॉइल असते आणि थोड्या पाण्याने तिला काही होत नाही. खरा धोका हवेच्या तोंडातून इंजिनात पाणी जाण्याचा असतो. पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेसाठी मुळात जागाच कमी असल्याने तेवढ्याच पाण्याने तिथे नुकसान अधिक होण्याचा संभव असतो. तेव्हा इंधन कोणतेही असो, बॉनेट उघडून हवेचे तोंड किती उंचीवर आहे ते बघा, आणि पाणी त्याच्या बरेच खाली असेल तरच ओढ्यात उतरा.

राहिला गॅस. या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि जुनी गाडी विकणारे त्या सोयीने एकत्र करतात. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. ते थोड्या दाबाखाली द्रव होते आणि टाकीत द्रवरूपात राहते. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो २०० बारच्या दाबाने भरला तरी वायूच राहतो. फोर-व्हील ड्राइव्हसाठी सीएनजीचा विचार मी लगेच सोडून देतो. ६० लिटरच्या पोलादी सिलिंडरचे स्वतःचे वजन साधारण ६० किलो असते आणि त्यात जेमतेम १० किलो गॅस मावतो. एक किलो सीएनजी सुमारे दीड लिटर पेट्रोलइतके काम करतो, म्हणजे एवढे ओझे वाहून आपल्याला १५ लिटर पेट्रोलचा पल्ला मिळतो. सपाट रस्त्याच्या लहान गाडीला हे चालते. डोंगरात सामानाची जागा, वजन आणि पल्ला या तिन्हींचे मोल मोठे असते.

एलपीजी त्या मानाने बरे. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, ते स्वच्छ जळते आणि इंजिन ऑइल अधिक काळ चांगले राहते. एका लिटरमधली ऊर्जा मात्र कमी असते, त्यामुळे खप २५ ते ३० टक्के वाढतो. पेट्रोलवर ९ देणारी गाडी एलपीजीवर ७ देईल. म्हणजे एलपीजीचा लिटरचा दर पेट्रोलच्या दराच्या ७७ टक्क्यांहून कमी असेल, तरच बचतीला सुरुवात होते. तो दर पेट्रोलच्या निम्मा असेल तर फिटरचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड ठरते.

पण आपल्या बाबतीत ते टिकत नाही. एलपीजीचा द्रव वायू करण्यासाठी जो रिड्यूसर असतो, त्याला इंजिनातल्या गरम पाण्याची उष्णता लागते. म्हणून गाडी नेहमी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी पुरेसे कोमट झाल्यावरच गॅसवर जाते. गार सकाळी तीन किलोमीटरांच्या फेरीत बराच भाग पेट्रोलवरच सरतो. आपल्या वर्षाच्या ३,६०० आखूड किलोमीटरांत गॅसची बचत म्हणूनच फार तुटपुंजी राहील. आणि गॅसवर मजेत चालतील ते डोंगराचे दिवस, जिथे गॅसचा पंप असेलच असे नाही. पेट्रोल संपले तर कोणीतरी कॅनमधून आणून देतो, गॅस तसा कोणी आणून देऊ शकत नाही. पेट्रोलची टाकी शाबूत असल्याने आपण अडकणार नाही, हे मात्र मान्य करायला हवे. दोन टाक्यांचा मिळून पल्ला हे अशा गाडीचे खरे वैभव आहे.

त्याहून मोठी अडचण स्टेपनीची. जुन्या गाडीला मागाहून किट बसवताना गॅसची टाकी बहुधा स्टेपनीच्या जागी जाते. मग स्टेपनी सामानाच्या जागेत मोकळी पडते, किंवा घरीच राहते. कच्च्या रस्त्यावर नेण्याच्या गाडीला सगळ्यांत आधी लागणारी वस्तूच अशी बेघर होते, हे मला पटत नाही. टाकी गाडीच्या पोटाखाली लावली असेल तर खडकाचा मार आधी तिला बसतो. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी इंजिनाच्या आत आहे: गॅसवर चाललेल्या काही इंजिनांत व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडा, लवकर झिजते, कारण कोरड्या ज्वलनाचा मारा तिथे सोसावा लागतो. मुळात गॅससाठी न घडवलेल्या इंजिनाची सीट मऊ असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो, क्लिअरन्स (व्हॉल्व्हसाठी सोडलेली बारीक फट) संपते आणि एके दिवशी सिलिंडरमधला दाबच धरत नाही. तीन वर्षे गॅसवर चाललेल्या गाडीत क्लिअरन्स मोजल्याची आणि कॉम्प्रेशन तपासल्याची नोंद नसेल, तर कमी किंमत हा सौदा नसून इशारा समजावा.

सुरक्षिततेचे म्हणाल तर नीट बसवलेली आणि मुदतीत तपासलेली एलपीजी टाकी ही घाबरण्याची गोष्ट नाही. जाड पोलादाची ती टाकी ८० टक्क्यांहून जास्त भरू दिली जात नाही, म्हणजे उन्हात द्रव फुगायला जागा राहते. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की एलपीजी हवेपेक्षा जड असते. गळती झाली तर ते तळघरात आणि खड्ड्यात साचते, सीएनजीसारखे वर उडून जात नाही. म्हणूनच काही तळघरातल्या पार्किंगमध्ये एलपीजीच्या गाड्यांना मज्जाव असतो. आपण गाडी कुठे लावता, हे एकदा पाहून घ्या.

गाडी पुढे विकण्याचा विचार पाच-सहा वर्षांत येईलच. जुन्या डिझेल गाड्यांवर शहरांचा रोष वाढत चालला आहे. लंडनने २०१९ साली आपल्या मध्यभागात जो नियम लावला, त्यात पेट्रोल गाडीला युरो ४ पुरते, पण डिझेल गाडीला युरो ६ लागते. त्याखालच्या गाडीला रोजचा दंडवजा आकार भरावा लागतो. आपण राहता तिथे असे काही येणार असेल, तर त्याचा फटका डिझेलच्या किमतीला आधी बसेल.

पेट्रोललाही आखूड फेऱ्या मानवत नाहीत, हे लपवून ठेवत नाही. गार इंजिनात बाष्प साठते आणि थोडे इंधन ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी पुरती भरत नाही. फरक एवढाच, की पेट्रोल इंजिन लवकर तापते आणि या दुखण्यांवर स्वस्त इलाज असतो. ऑइल किलोमीटर पाहून न बदलता दर सहा महिन्यांनी बदला, मग आकडा ४ हजारच का असेना. डोंगराची फेरी चुकवू नका; डिझेलला ती औषध म्हणून लागली असती, पेट्रोलला ती हवापालटाइतकी पुरे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जास्त असेल तर गाडी महिनाभर उभी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. नऊ वर्षांची ती गाडी जास्त इथेनॉलसाठी योग्य आहे का, हे टाकीच्या झाकणाच्या आत किंवा मालकाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. तेही वाचून घ्या.

आता पाहणी. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, की आपण सकाळी येतो आहोत आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. ते कोमट लागले तर कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या; गरम इंजिन आपले बरेच आजार लपवते. सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि तो टिकला, तर टायमिंग चेनचा खर्च जवळ आहे. एक्झॉस्टमधून येणारी थोडी पांढरी वाफ थंडीत स्वाभाविक आहे. निळसर धूर स्वाभाविक नाही. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून काही अंतर जा आणि मग पुन्हा दाबा. त्या क्षणी मागे निळा ढग उठला तर व्हॉल्व्हचे रबरी सील गेले आहेत. हे इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे आहे की व्हॉल्व्हच्या आधी, हेही विचारा. आधी फवारणारे असेल तर उत्तम, कारण पेट्रोल व्हॉल्व्ह धूत राहते आणि त्यांवर कार्बन साठत नाही.

एवढे वाचूनही मन डिझेलकडे ओढत असेल, तर त्या गाडीवर दोन तपासण्या माझ्या समाधानासाठी करा. डिपस्टिक काढा आणि माझी चूक आपण करू नका: ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल किंवा त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गाळणीचा इतिहास तिथेच कळतो. मग एक्झॉस्टच्या नळीत बोट घालून फिरवा. गाळणी शाबूत असलेल्या डिझेल गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळेकुट्ट झाले तर गाळणी फुटली आहे, किंवा कोणीतरी ती पोकळ करून ठेवली आहे, आणि बऱ्याच देशांत हे बेकायदा असल्याने ती गाडी तपासणीत नापास होऊ शकते. स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत न्या. गाळणीत किती काजळी आहे आणि ती शेवटची साफ होऊन किती किलोमीटर झाले, हे दोन्ही आकडे तो पाच मिनिटांत वाचून दाखवेल. दुसरा आकडा ३००-४०० च्या आत आणि पहिला कमी असेल, तर गाळणी सध्या नीट साफ होते आहे असे समजा.

पेट्रोलची गाडी पाहण्याची वेळ ठरली, की सकाळी निघण्यापूर्वी जमिनीच्या त्या चढाचा शेवटचा टप्पा आठवा, आणि चाचणीसाठी तसाच एखादा चढ जवळपास असेल तर विकणाऱ्याला तिथवर चलायला सांगा. फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज मात्र कच्च्यावरच लावा. कोरड्या डांबरावर ती लावून वळण घेतले तर मधल्या शाफ्टवर ताण साचतो, आणि गाडी अजून आपली झालेली नसते.